मुलाखत आता घरात येते

रेवसच्या मुलाला मुंबईत नोकरीची मुलाखत द्यायची म्हणजे पूर्वी आदल्या दिवसापासून घरात लगबग असे. कपड्यांना इस्त्री, प्रमाणपत्रांची फाइल आणि पहाटे उठून भाऊच्या धक्क्याची लाँच गाठणे. लाँच हुकली तर अलिबाग, पेण, पनवेल असा एस.टी.चा लांबचा वळसा. २०२० च्या टाळेबंदीत कंपन्या व्हिडिओवर मुलाखती घेऊ लागल्या आणि पुढेही अनेकांनी ती पद्धत चालू ठेवली. त्यामुळे भाडे वाचले, कामाचा खाडा वाचला. ज्या मुलींना एकटीने मुंबईला पाठवायला घरचे कचरतात, त्यांनाही संधी मिळाली. परंतु प्रवास वाचला म्हणून तयारी वाचली, असे कुणी समजू नये. पूर्वी उमेदवार साहेबांच्या खोलीत जात असे. आता साहेब उमेदवाराच्या घरात डोकावतात.

तेव्हा आधी घराकडे पाहू. दिवसाच्या मुलाखतीला खिडकीकडे तोंड करून बसावे, म्हणजे चेहऱ्यावर उजेड पडतो. खिडकी पाठीशी असली तर चेहरा काळवंडतो. फोन हातात धरू नये. डब्यांवर किंवा पुस्तकांवर डोळ्यांच्या उंचीला आडवा टेकवावा. वायरचा साधा इअरफोन असला तर आवाज स्वच्छ जातो. बोलताना पडद्यावरच्या चेहऱ्याकडे न पाहता कॅमेऱ्याच्या भिंगाकडे पाहावे, म्हणजे नजर समोरच्याला भिडते. तासाभराच्या व्हिडिओला साधारण एक जीबी डेटा लागू शकतो. रोजचा दीड जीबी सकाळीच धाकट्याने क्रिकेट पाहण्यात संपवला तर ऐन वेळी पंचाईत होते. फोन पूर्ण चार्ज करावा, वीज जाईल हे धरून चालावे, शेजारचा दुसरा फोन हाताशी ठेवावा. घरात एकच खोली असेल तर विहारात किंवा वाचनालयात तासभर निवांत जागा मिळते का, ते आधी विचारावे.

काही कंपन्या समोर माणूसही बसवत नाहीत. पडद्यावर प्रश्न उमटतो, विचाराला थोडा वेळ मिळतो आणि एक-दोन मिनिटांत दिलेले उत्तर रेकॉर्ड होते. याचा सराव घरीच होतो. आपल्याच फोनवर उत्तर रेकॉर्ड करावे, ऐकावे, पुन्हा बोलावे. आय.टी.आय.च्या मुलाने आपण कोणते यंत्र चालवले, कोणता बिघाड काढला, हे दोन मिनिटांत सांगता येईल इतके घोटावे. इंग्रजी अडखळली तर घाबरू नये. छोटी वाक्ये बोलावीत.

आता जरा कठीण गोष्ट. १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारने कनिष्ठ पदांच्या मुलाखती बंद केल्या. म्हणून आपल्या मुलांना मुलाखत बहुधा खासगी कंपनीतच द्यावी लागते आणि तेथे आरक्षण नाही. प्रा. सुखदेव थोरात व पॉल अ‍ॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, पण वेगवेगळ्या नावांचे अर्ज पाठवून पाहिले. २००७ साली त्यांनी प्रसिद्ध केले, की दलित नावाच्या अर्जाला बोलावणे कमी येते. त्याच वर्षी सुरिंदर जोधका व कॅथरीन न्यूमन यांनी कंपन्यांच्या अधिकाऱ्यांशी बोलून दाखवून दिले, की गुणवत्तेच्या गोष्टी करणारे हे लोक उमेदवाराची 'घरची पार्श्वभूमी'ही पारखतात.

म्हणजे "घरी कोण काय करतं?" हा प्रश्न येणार, असे धरूनच बसावे. उत्तर लपवू नये आणि रडगाणेही गाऊ नये. "वडील लाँचवर खलाशी आहेत. भरती कुणासाठी थांबत नाही, म्हणून वेळ पाळणं मी घरातच शिकलो." इतके सांगून लगेच आपल्या कामाकडे वळावे. आई मजुरीला जात असेल तर तेही ताठ मानेने सांगावे.

मुले विचारतात, भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर काढावी का? आमचे म्हणणे असे, की कपड्यांची दोरी, कॅलेंडर, टी.व्ही. यांनी पाहणाऱ्याचे लक्ष विचलित होते, म्हणून मोकळी भिंत मिळाली तर तिच्यापुढे बसावे. पण भीतीपोटी तसबीर उतरवू नये. आपले घर लपवून बसलेल्या मुलाचा आवाज पहिल्याच उत्तरात दबतो.

आणखी एक इशारा. व्हिडिओवर मुलाखत घेऊन नोंदणी, गणवेश किंवा प्रशिक्षणाच्या नावाने पैसे मागणारे भामटे पुष्कळ आहेत. नोकरी देण्यासाठी कुणी पैसे मागितले की फोन बंद करावा. पैसे गेलेच तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० वर तक्रार नोंदवावी.

शेवटी आई-वडिलांना सांगणे. मुलाला मुलाखतीला पाठवताना पूर्वी तुम्ही भाड्याचे पैसे काढून देत होता. आता अर्धा तास काढून द्या. तेवढा वेळ कुकर लावू नका, टी.व्ही. बंद ठेवा, नातेवाइकांना फोन करू नका म्हणून कळवा. मुलीची मुलाखत असेल तर त्या वेळी तिला पाणी भरायला उठवू नका. तो अर्धा तास तिचा आहे.