यादीत न मोजलेली माणसे

‘स्टार वॉर्स’मधला सर्वांत चांगला चित्रपट कोणता, हा वाद जवळपास अर्धशतक चालू आहे. 1977 साली पहिला चित्रपट आला, 1983पर्यंत त्याचे तीन भाग झाले. 1999 ते 2005 या काळात जॉर्ज लुकास यांनी आधीची कथा सांगणारे आणखी तीन भाग काढले. 2012मध्ये डिस्नेने लुकासफिल्म विकत घेतली आणि 2015 ते 2019 या काळात पुढचे तीन भाग आले. ‘रोग वन’ आणि ‘सोलो’ हे स्वतंत्र चित्रपट धरले तर एकूण अकरा. या अकरा चित्रपटांची क्रमवारी लावणे हा जगभरातल्या चाहत्यांचा आवडता उद्योग आहे. ते कोणत्या क्रमाने पाहावेत यावरही तट आहेत. 2011मध्ये एका अमेरिकन प्रोग्रामरने सुचवलेल्या क्रमात तर 1999चा चित्रपट पूर्ण गाळून टाकला होता, आणि तो क्रम लोकप्रियही झाला.

यादी करण्यात वाईट काही नाही. माणसाला आवडलेल्या गोष्टीबद्दल भांडायला आवडते. प्रश्न आहे तो यादी करताना आपण काय मोजतो आणि काय सोडून देतो याचा.

बहुतेक याद्यांमध्ये ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ पहिला असतो. तळाला ‘अटॅक ऑफ द क्लोन्स’ किंवा ‘द राइज ऑफ स्कायवॉकर’. मधल्या जागांसाठी हाणामारी. हा क्रम आज दगडावर कोरल्यासारखा वाटतो, पण 1980मध्ये ‘एम्पायर’ आला तेव्हा समीक्षकांचे त्याच्याबद्दल एकमत नव्हते. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे व्हिन्सेंट कॅन्बी यांना तो अजिबात रुचला नव्हता. 2005च्या ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’मधल्या हेडन क्रिस्टनसेनला वाईट अभिनयाचा रॅझी पुरस्कार देऊन हिणवण्यात आले. तोच नट 2022मध्ये ‘ओबी-वॅन केनोबी’ मालिकेत परतला तेव्हा त्याचे जोरदार स्वागत झाले आणि 2025मध्ये तो चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा अमेरिकेत त्याने गर्दी खेचली. चित्रपट तेच राहिले. लहानपणी तो पाहिलेली पिढी मोठी झाली आणि यादी तिच्या हातात आली, इतकेच.

म्हणजे यादीत आठवणींचा वाटा मोठा असतो. हे मान्य केले तर वाद गोड राहतो. मान्य केले नाही तर काय होते, याची उदाहरणेही याच चाहतावर्गात आहेत. 1999च्या ‘द फँटम मेनेस’मधले जार जार बिंक्स हे पात्र लोकांना आवडले नाही. तो राग अहमद बेस्ट या कृष्णवर्णीय नटावर इतका निघाला की आपण त्या काळात जीव देण्याच्या विचारापर्यंत गेलो होतो, असे त्याने 2018मध्ये जाहीरपणे सांगितले. 2017च्या ‘द लास्ट जेडाय’वरून चाहते दुभंगले, रॉटन टोमॅटोजवर समीक्षकांचा कौल नव्वद टक्क्यांच्या वर आणि प्रेक्षकांचा पन्नासच्या खाली. मतभेद असायला हरकत नव्हती, पण त्यातल्या केली मेरी ट्रॅन या व्हिएतनामी वंशाच्या अभिनेत्रीला वंश आणि रूपावरून इतके छळले गेले की तिने 2018मध्ये इन्स्टाग्रामवरचे आपले सगळे फोटो काढून टाकले. पटकथेवरचा राग पटकथाकाराकडे जायला हवा. तो कोणत्या चेहऱ्यांकडे वळला, हे पाहिले की कथेची मालकी काही चाहते कोणाची समजतात ते कळते.

आता मुख्य मुद्दा. ‘अटॅक ऑफ द क्लोन्स’ तळाला का असतो? कारणे ठरलेली आहेत. प्रेमप्रसंग कृत्रिम आहेत, संगणकावर तयार केलेली दृश्ये जुनाट दिसतात, आणि अनाकिन नायिकेपुढे वाळूबद्दल जे बोलतो त्याची तर वीस वर्षे टिंगल चालली आहे. पण याच चित्रपटात अनाकिन टस्कन नावाच्या वाळवंटी टोळीची पूर्ण वस्ती कापून काढतो. त्यांनी त्याच्या आईला पळवून हाल करून मारलेले असते, हा सूड. पुरुषांबरोबर बायका आणि मुलेही मारली, ती जनावरेच आहेत, असे तो स्वतःच नायिकेला सांगतो. नायिका त्याची समजूत घालते आणि चित्रपटाच्या शेवटी त्याच्याशी लग्न करते.

वाळूच्या संवादावर हजारो विनोद झाले. वाळूत पडलेल्या मुलांबद्दल याद्यांमध्ये क्वचितच एखादे वाक्य येते.

कोणी म्हणेल, हा खलनायकाचा प्रवास आहे, डार्थ व्हेडर असाच घडणार. मान्य. हत्याकांड दाखवणे हा चित्रपटाचा दोष होऊच शकत नाही. पण त्या वस्तीतल्या एकाही माणसाला चित्रपट नाव देत नाही, चेहरा देत नाही, रडणेही देत नाही. प्रेक्षकाला काळजी वाटते ती मारणाऱ्याच्या मनाची. मेलेले लोक त्याच्या मनाचा आरसा म्हणून वापरले जातात.

हे टस्कन कोण? पहिल्या चित्रपटात लोक त्यांना ‘वाळूवाले’ म्हणतात. अंगभर कापड गुंडाळलेले, तोंड झाकलेले, वाळवंटात फिरणारे, वाटसरूंवर हल्ला करणारे. त्यांचा आवाज खेचरांच्या ओरडण्यातून तयार केला होता. चित्रीकरण ट्युनिशियात झाले आणि टॅटूइन ग्रहाचे नावही तिथल्या ततावीन या गावावरून घेतले. जमीन अरबांची, नाव अरबांच्या गावाचे, घरे मत्माताच्या बर्बर लोकांनी जमिनीत खोदलेली. त्या जमिनीवर शोभेल असा पोशाख ज्यांना दिला, तेच रानटी. गोऱ्या शेतकऱ्याच्या घरी वाढलेला मुलगा नायक. हे कोणी मुद्दाम, द्वेषाने केले असे मी म्हणत नाही. हॉलिवूडकडे वाळवंटाचे एक तयार चित्र होते, ते उचलले गेले. पण हे चित्र आपल्याकडे पाहण्यासाठी जगभर वापरले जाते, हे मुस्लिम वाचकाला वेगळे सांगायला नको.

विशेष म्हणजे ही चूक त्याच विश्वातल्या लोकांनी पुढे दुरुस्त करायला घेतली. 2019च्या ‘द मँडलोरियन’ मालिकेत नायक टस्कनांशी हातवाऱ्यांच्या भाषेत बोलतो, वाटेचा हक्क मागतो. त्यातल्या टस्कनाची भूमिका ट्रॉय कोत्सुर या कर्णबधिर नटाने केली; पुढे 2022मध्ये ‘कोडा’साठी त्याला ऑस्कर मिळाले. ‘द बुक ऑफ बोबा फेट’मध्ये कळते की या ग्रहावर एकेकाळी समुद्र होते आणि टस्कन हे इथले मूळ रहिवासी आहेत. त्यांच्या जमिनीवरून आगगाडी जाते आणि जाता जाता त्यांच्यावर गोळ्या झाडते. चार दशकांहून अधिक काळाने ‘रानटी’ लोकांना भाषा आणि इतिहास मिळाला. एवढ्याने 1977चा चित्रपट पुन्हा पाहताना तो हल्ला वेगळा दिसतो.

हे माप हातात घेतले की यादी हलते. ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ला लोक टेडी बेअरसारख्या इवॉक प्राण्यांमुळे खाली ढकलतात. पण बलाढ्य साम्राज्याला जंगलातले लोक दगड-लाकडाने हरवतात, ही कल्पना व्हिएतनाम युद्धावरून आली आणि इवॉकमागे व्हिएतकाँग होते, असे लुकास यांनी स्वतः सांगितले आहे. साम्राज्यात त्यांना आपलाच देश दिसत होता. हे कळल्यावर तो चित्रपट पोरकट वाटेनासा होतो.

आणि ‘रोग वन’. 2016च्या या चित्रपटात जेडा नावाचे पवित्र शहर आहे. बाहेर वाळवंट, आत यात्रेकरू, गल्ल्यांमध्ये साम्राज्याचे रणगाडे, जमिनीखालच्या खनिजाची लूट. त्यातली काही दृश्ये जॉर्डनच्या वादी रममध्ये चित्रित झाली. एक अतिरेकी गट प्रतिकार करतो. चित्रपट त्याची क्रूरता लपवत नाही आणि त्याचे कारणही लपवत नाही. मग एका चाचणीसाठी पूर्ण शहर नष्ट केले जाते. याच शहरातला बोधी रूक हा मालवाहू यानाचा साधा वैमानिक साम्राज्याची बाजू सोडतो. चित्रपटाला नाव देणारी हाक त्याच्याच तोंडून येते. ही भूमिका रिझ अहमद या पाकिस्तानी वंशाच्या ब्रिटिश मुस्लिम नटाने केली आहे. विमानतळांवर आपल्याला वारंवार कसे अडवून तपासले जाते, यावर त्याने त्याच वर्षी निबंध लिहिला होता. ज्याच्याकडे पाहताक्षणी संशय घेतला जातो, तो इथे घाबरलेला, चुकणारा आणि तरीही योग्य वेळी धाडस करणारा माणूस आहे. मुसलमानाला पडद्यावर फरिश्ता करा, अशी मागणी कोणीच करत नाही. माणूस करा, एवढेच पुरे.

माझ्या यादीत ‘एम्पायर’ अजूनही पहिला आहे. बापलेकाचे ते दुःख कोणत्याही मापाने लहान होत नाही. दुसरा ‘रोग वन’. ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ चौथ्या जागेच्या खाली जाणार नाही. ‘अटॅक ऑफ द क्लोन्स’ शेवटी, पण वाळूच्या संवादामुळे नाही.

तुमचा क्रम वेगळा असेल, तर जरूर भांडा. कथा, संगीत, युद्धदृश्ये, अभिनय सगळे मोजा. त्यासोबत एवढे विचारा की या चित्रपटात कोणाच्या मरणावर संगीत थांबते आणि कोणाचे मरण पुढच्या दृश्याआधी विसरले जाते. या प्रश्नासाठी यादीत एक रकाना वाढवायला फारशी जागा लागत नाही.