टपाली मते आधी मोजा, पूर्ण मोजा

निवडणूक संचालन नियम, १९६१ मधला नियम ५४-अ सांगतो की निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने टपाली मतपत्रिका प्रथम हाताळाव्यात. 'प्रथम' हा शब्द कायद्याचा आहे, आमचा नव्हे. प्रत्यक्षात काय होते? सकाळी आठला टपाली मोजणी सुरू होते, साडेआठला यंत्रे उघडतात, आणि मग टपाली टेबलाकडे कोणी पाहत नाही. आम्ही वकील म्हणून मोजणी केंद्रात बसलो आहोत, हे डोळ्यांनी पाहिले आहे.

पूर्वी एक अट होती. टपाली मोजणी पूर्ण झाल्याखेरीज यंत्रांची शेवटून दुसरी फेरी सुरू करायची नाही. मे २०१९ मध्ये आयोगाने ही अट काढली. टपाली मते वाढली, व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्याही मोजायच्या, हे कारण. २०२४ मध्ये विरोधी पक्षांनी तक्रार केली, तेव्हा दाद मिळाली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगाने तीच अट परत आणली. मग २०१९ साली ती काढायची घाई का केली होती?

मुंबई उत्तर-पश्चिम आठवा. २०२४ साली यंत्रांच्या मोजणीत अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मते धरून रवींद्र वायकर ४८ मतांनी विजयी झाले. निकाल योग्य की अयोग्य, हा येथे मुद्दा नाही. मुद्दा असा की फरक एका मताचा आहे हे कळल्यावर प्रत्येक पाकीट सोन्याचे होते. नमुना १३-अ वरील सही आहे की नाही, साक्षांकन झाले की नाही, अनुक्रमांक जुळतो का, हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्यावर तेव्हा केवढा दबाव येत असेल! म्हणून पाकीट वैध की बाद याचा निर्णय फरक कळण्याआधीच झाला पाहिजे. शेवटून दुसऱ्या फेरीपर्यंत कल साऱ्या गावाला कळलेला असतो. परत आणलेली अट त्यामुळे अपुरी आहे. टपाली मोजणी संपेपर्यंत यंत्राची पहिली फेरीही नको. निकाल तास-दोन तास लांबेल. लांबू द्या, वाहिन्यांची सोय हा कायद्याचा हेतू नाही.

बाद मतांचे दुःख आपल्या चळवळीला नवे नाही. १९५२ साली बाबासाहेब उत्तर मुंबईतून पराभूत झाले, तेव्हा अशोक मेहतांसह केलेल्या निवडणूक याचिकेत चौऱ्याहत्तर हजारांवर बाद मतपत्रिकांचा प्रश्न त्यांनी उभा केला होता. आज टपाली मत देणारे कोण? बंदोबस्तावरचे पोलीस, मतदान केंद्रावरचे शिक्षक, सीमेवरचे जवान, ८५ वर्षांपुढची म्हातारी माणसे, अपंग बांधव. त्यात आपलेही असंख्य आहेत.

आमच्या कार्यकर्त्यांना एवढेच सांगणे: मोजणी प्रतिनिधी पहिल्या पाकिटापासून टपाली टेबलावर हवा. बाद पाकिटांचा आकडा कारणासह वहीत लिहून घ्या. विजयाचे मताधिक्य त्या आकड्याहून कमी असेल तर बाद मतांची फेरतपासणी आयोगाच्या सूचनेनुसार बंधनकारक आहे. त्यासाठी कोणाच्या विनवण्या करायच्या नाहीत.