पाठभेद

गेल्या महिन्यातील एका रविवारी पर्वत पाटियातील आमच्या घरी एक जुना विद्यार्थी आला. एका खासगी कचेरीत कापड-व्यापाऱ्यांच्या हिशेबांचे सहा सर्व्हर तो सांभाळतो. चहा निवला तरी पेल्याला हात लागेना. शेवटी म्हणाला, "सर, चूक माझी आणि बोल दुसऱ्याला लागतोय."

घडले ते असे. यंत्राने कसे वागावे याच्या सूचना साध्या मजकुराच्या फाइलींत असतात. एका रात्री घाईत त्याने अशा फाइलीतील एक ओळ बदलली. नोंद कोठेच केली नाही. चालू यंत्राने ती वाचली नाही. महिन्याभराने ते बंद करून पुन्हा सुरू केले तेव्हा वाचली, आणि अर्धा दिवस काम ठप्प झाले. पाळीवर असलेल्या नवख्या मुलावर ठपका आला; त्याला घरी बसविण्यात आले.

आम्हांला येथे एकनाथ महाराज आठवले. ज्ञानेश्वरीत नकलाकारांच्या हातून पाठभेद शिरले होते. नाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली. सहा सर्व्हर म्हणजेही एकाच ग्रंथाच्या सहा प्रती. हात लागेल तसे त्यांत पाठभेद शिरतात. यासाठीच १९९२ साली अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात 'ट्रिपवायर' ही पहारेकरी आज्ञावली तयार झाली. फाइलीच्या मजकुरावरून ती एक खूण काढून ठेवते. एक अक्षर बदलले तरी खूण जुळत नाही. 'गिट' हे साधन कोणी, केव्हा, काय बदलले ते जपते. 'अ‍ॅन्सिबल' एका शुद्ध प्रतीवरून सारी यंत्रे सारखी करते. त्या कचेरीत यांपैकी काहीच नव्हते.

मात्र, वाचकहो, शुद्ध प्रतच चुकली तर? १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीने धाडलेल्या एका सदोष फाइलीने जगातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे कोलमडली. आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले. कंपनीने ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली; तोवर हानी झाली होती. म्हणून बदल आधी एका यंत्रावर पारखावा, मग सर्वत्र न्यावा.

शाळेच्या जनरल रजिस्टरात आदेशानुसार नोंद दुरुस्त करताना आम्ही जुनी अक्षरे पुसत नाही. तांबड्या शाईने रेघ मारतो, नवे लिहितो, शेजारी सही करतो. चूक दिसत राहते. म्हणूनच ती दुसऱ्याच्या माथी बसत नाही.

"उद्या आधी सही कर," आम्ही त्याला म्हणालो, "साधने मग बसव."

सोमवारी सायंकाळी त्याचा फोन आला. साहेबांनी कठोर शब्द ऐकविले होते. पण तो नवखा मुलगा कामावर परतला होता.