पुंडलिकाचा वारसा आणि तारापूरचे वार्धक्य

दरवर्षी १ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन साजरा होतो. शाल-श्रीफळे दिली जातात आणि व्यासपीठावरून एक विचार हमखास ऐकू येतो : वृद्धाश्रम, वृद्धांचे कायदे, वृद्धांच्या योजना ही पाश्चात्त्यांची गरज, ज्या भूमीत आईवडिलांची सेवा करणाऱ्या पुत्रासाठी साक्षात परब्रह्म विटेवर तिष्ठत राहिले, त्या भूमीला हे धडे कोणी देऊ नयेत. टाळ्या पडतात, सभा संपते. या परंपरेचा अभिमान रास्तच आहे. परंतु या अभिमानाआड कर्तव्य टाळले जाऊ लागले असेल, तर ते स्पष्टपणे बोलून दाखवावेच लागेल.

ज्यांना हे बोलणे कटू वाटेल त्यांनी एकदा बोईसरला उतरावे. १९६९ साली तारापूरचा अणुवीज प्रकल्प सुरू झाला. पुढे शेजारीच औद्योगिक वसाहत वाढली आणि रसायने, औषधे, कापड, पोलाद यांचे कारखाने उभे राहिले. खानदेशातून, मराठवाड्यातून, कोकणातून आणि उत्तर भारतातून तरुण आले. भाड्याच्या खोलीत त्यांनी संसार थाटला, तीन पाळ्यांत घाम गाळला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशात सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले. त्याच हवेत या माणसांचे उभे आयुष्य गेले. आज त्यांनी साठी ओलांडली आहे. पुंडलिकाला आईवडिलांचे पाय चेपायला स्वतःचे घर तरी होते. दहा बाय दहाच्या खोलीत राहून कंत्राटावर बारा तास राबणाऱ्या मुलाने सेवा करायची म्हणजे नेमके काय करायचे? त्याला कुपुत्र ठरवून मोकळे होणे फार सोपे आहे.

या कामगाराच्या हाती म्हातारपणी काय पडते, तेही पाहू. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १९९५ अन्वये दरमहा किमान एक हजार रुपये ही रक्कम २०१४ साली ठरली. त्यानंतर दहा वर्षे उलटली, महागाई कुठल्या कुठे गेली, तरी तो आकडा हलला नाही. तेवढ्यासाठीही दहा वर्षांची सेवा नोंदलेली असावी लागते. ठेकेदार बदलला की भविष्य निर्वाह निधीचे नवे खाते उघडायचे आणि जुने वाऱ्यावर सोडायचे, ही पद्धत ज्याच्या वाट्याला आली, त्याची वीस वर्षांची सेवा कागदावर तुकड्यातुकड्यांत विखुरते. राज्य शासनाच्या योजनेला श्रावणबाळाचे पवित्र नाव आहे आणि जुलै २०२३ पासून तिची रक्कम दीड हजार झाली. मात्र तिला वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची २१ हजारांची अट वर्षानुवर्षे जोडलेली राहिली. महिन्याला पावणेदोन हजारांत चालणारे कुटुंब बोईसरमध्ये शोधून तरी सापडेल काय?

आजारपणाची कथा याहून वेगळी नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला. पण गंभीर रुग्णाला घेऊन सिल्वासा, वलसाड किंवा मुंबई गाठणे येथील कुटुंबांच्या अंगवळणी पडले. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळाले, हे निःसंशय मोठे पाऊल आहे. तथापि ते रुग्णालयात दाखल झाल्यावरचे संरक्षण आहे. रक्तदाबाची रोजची गोळी, दम्याचा पंप आणि औषध वेळेवर घेतले का, हे विचारणारे माणूस त्यातून मिळत नाही.

कामगारांच्या नावाने झेंडे नाचवणाऱ्यांनी बोनससाठी मोर्चे काढले. निवृत्त कामगार वर्गणी देत नाही, म्हणून त्यांच्या हिशेबात तो उरला नाही. कारखानदारांची जबाबदारी तर अधिकच मोठी. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले आणि त्या कार्यांच्या यादीत वृद्धाश्रम व ज्येष्ठांची दिवसा देखभाल करणारी केंद्रे स्पष्टपणे नोंदवली. ज्यांच्या हातांनी हा नफा घडवला, त्यांच्यासाठी तारापूरमध्ये असे केंद्र का मागितले जाऊ नये?

परंतु सरकार आणि कारखानदार यांच्याकडे बोट दाखवून समाजाची सुटका होत नाही. आईवडिलांच्या व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली झाला. प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात साधा अर्ज करता येतो आणि वृद्धाच्या वतीने स्वयंसेवी संस्थाही तो करू शकते. वाढवण बंदर आणि बुलेट ट्रेन यांमुळे या पट्ट्यातील जमिनीला सोन्याचे मोल येत असताना मुलांच्या नावे बक्षीसपत्र करणाऱ्या वृद्धांना एवढे तरी कोणी सांगावे, की सांभाळ करण्याची अट त्यात लेखी घाला. ती मोडल्यास याच कायद्याच्या कलम २३ खाली व्यवहार रद्द ठरवून घेता येतो. किमान पाच वर्षे राज्य विमा योजनेत राहून निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाकाठी अवघे १२० रुपये भरून स्वतःसाठी व पत्नीसाठी वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. हयातीच्या दाखल्याच्या वेळी झिजलेल्या बोटांचे ठसे उमटत नसतील, तर चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आहे. हे सारे हक्क अस्तित्वात आहेत. वस्तीतल्या म्हाताऱ्यापर्यंत ते पोहोचवणारा माणूस मात्र नाही.

तो माणूस कोण असावा? आपल्या कार्यकर्त्यांपैकी कोणी बँकेत आहे, कोणी शिक्षक, कोणी वकील, तर कोणाच्या घरात परिचारिका आहे. दर रविवारी दोन तास एखाद्या वस्तीतील मंदिराच्या ओट्यावर टेबल मांडून बसणे यांना अशक्य आहे काय? एकाने निधीची जुनी खाती जोडून द्यावीत, एकाने अर्ज लिहावेत, एकाने रक्तदाब तपासून वहीत नोंद ठेवावी. जो वृद्ध सलग दोन रविवार आला नाही, त्याच्या खोलीवर तिसऱ्या दिवशी कोणीतरी जावे. त्याने बोलावे आणि कोणी ते ऐकून घ्यावे, हीसुद्धा सेवाच आहे.

श्रावणाने कावड खांद्यावर घेतली, तेव्हा कोणाच्या टाळ्यांची वाट पाहिली नव्हती. येत्या १ ऑक्टोबरला किती शाली वाटल्या हे सांगू नये. किती वृद्धांचे रखडलेले निवृत्तिवेतन सुरू झाले, ते सांगावे.