कर्ता कुठे गेला?

शाळेत 'व्हॉइस' हा प्रकार आम्ही पाढ्यासारखा पाठ केला. कर्म उचलून पुढे आणायचे, 'टू बी'चे योग्य रूप घालायचे, क्रियापदाचे तिसरे रूप लिहायचे आणि कर्त्याला 'बाय' लावून शेपटीला बांधायचे. 'रामा किल्ड अ स्नेक' या वाक्यातला तो बिचारा साप आम्ही किती वेळा मारला असेल, कोण जाणे! वाक्य बदलले, गुण मिळाले. पण ते बदलायचे कशासाठी, हे आम्ही विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही.

माझ्या मते घोटाळा भाषांतरापासूनच सुरू होतो. 'पॅसिव्ह व्हॉइस' म्हणजे कर्मणी प्रयोग, असे आपण बेधडक म्हणतो. पण 'रामाने आंबा खाल्ला', 'रामाने पोळी खाल्ली' ही वाक्ये पाहा. क्रियापद कर्माप्रमाणे बदलते, म्हणून मराठी व्याकरणात हा कर्मणी प्रयोग. इंग्रजीत मात्र त्याचेच 'रामा एट अ मँगो' असे सरळ ॲक्टिव्ह वाक्य होते. तेव्हा ही दोन नावे जुळी भावंडे नव्हेत. इंग्रजी पॅसिव्हच्या जवळचे मराठी वाक्य म्हणजे 'आंबा खाल्ला गेला'. असे घरात कोणी बोलत नाही. बोलतात ती सरकारी पत्रके: 'कळविण्यात येते', 'कारवाई करण्यात येईल'!

खरी गोम येथेच आहे. पॅसिव्ह वाक्यात 'बाय' हवाच असे नाही. प्रत्यक्षात तो बहुधा गाळलेलाच असतो. 'माय पर्स वॉज स्टोलन' यात कर्ता नाही, कारण चोर माहीत असता तर आणखी काय हवे होते! पण कधी कधी कर्ता माहीत असूनही लपविला जातो. इराणला शस्त्रे विकण्याचे प्रकरण अंगाशी आल्यावर जानेवारी १९८७ च्या भाषणात अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी 'सीरियस मिस्टेक्स वेअर मेड' असे सांगितले. चुका झाल्या खऱ्या. केल्या कोणी, ते वाक्यात नाही.

म्हणून पॅसिव्हच वाईट, असे मात्र मी म्हणणार नाही. जॉर्ज ऑर्वेलने १९४६ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात जमेल तेथे पॅसिव्ह टाळण्याचा सल्ला दिला. आणि त्याच निबंधात स्वतः पॅसिव्ह वाक्येही लिहिली. दोष प्रयोगाचा नसतो, हेतूचा असतो.

हे मला वर्गात नव्हे, ग्रंथालयात उमगले. गेल्या पावसाळ्यात ग्रंथालयाचे एक पुस्तक माझ्या हातून भिजले. इंग्रजी झाडण्याच्या हौसेने मी अर्जात लिहिले, 'द बुक वॉज डॅमेज्ड.' ग्रंथपालांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, "बाय हूम?" मी मान खाली घालून दोन शब्द वाढविले: 'बाय मी.' दंड भरावा लागला, पण 'व्हॉइस' कायमचा समजला.

मित्रांनो, परीक्षेत वाक्य जरूर उलटे करा. गुरुजनांनाही एक विनंती. ते उलटे केल्यावर कोण पुढे आले आणि कोण नाहीसे झाले, एवढा एक प्रश्न आम्हाला विचारीत जा. व्याकरण तेथूनच सुरू होते.