उपद्रवी ठरविलेल्या शिंपल्याचा पक्ष

ज्या प्राण्याने मनुष्याचे नुकसान केले, त्याची दफ्तरात ‘उपद्रवी’ अशी नोंद झाली की त्याच्याविषयीची जिज्ञासाही बहुधा तेथेच संपुष्टात येते. आणि लाकूड पोखरणाऱ्या टेरेडो या सागरी शिंपल्याच्या वाट्याला दीर्घकाळ हेच आले आहे. १७३० नंतरच्या काही वर्षांत हॉलंडच्या समुद्रबांधांचे लाकडी आवरण त्याने असे पोखरले की तेथे पुढे दगड वापरणे भाग पडले, आणि १९१९ ते १९२१ या काळात सान फ्रान्सिस्कोच्या उपसागरातील कित्येक धक्के त्याच्यापायी कोसळले.

तथापि लाकूड पचण्यास अत्यंत कठीण, शिवाय त्यात नत्र अत्यल्प. मग मुख्यतः त्यावर हा प्राणी जगतो कसा, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या कल्ल्यांतील पेशींत वस्ती करून राहिलेल्या जीवाणूंपाशी आहे. १९८३ साली वॉटरबरी, कॅलोवे आणि रूथ टर्नर या संशोधकांनी अशा शिंपल्यांतील एक जीवाणू प्रयोगशाळेत स्वतंत्रपणे वाढविला, तेव्हा तो सेल्युलोजचे विघटन करतो आणि नत्राचे स्थिरीकरणही करतो, हे सिद्ध झाले. त्याहून विलक्षण गोष्ट ही, की लाकडाचा भुसा ज्या अंधनालात साठून पचतो तेथे जीवाणू जवळजवळ नसतातच. कल्ल्यांतील जीवाणूंनी निर्माण केलेली विकरे तेथवर पोहोचतात आणि पचन घडवितात. प्रयोगशाळेत वाढविलेल्या त्या जीवाणूच्या जातीपासून टार्ट्रोलॉन नावाची प्रतिजैविकेही मिळाली आहेत. फिलिपिन्सच्या चिखलात राहणारा कुफस हा याच कुळातील महाकाय शिंपला तर लाकूड सोडून हायड्रोजन सल्फाइडवर जगणाऱ्या जीवाणूंच्या आधाराने वाढतो, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले.

म्हणून माझे निश्चित मत असे आहे की कोणत्याही प्राण्यास त्याच्या सहचरांपासून तोडून, एकटा समजून दिलेला निकाल हा अपुऱ्या पुराव्यावरचा निकाल होय. नौका आणि धक्के यांचे रक्षण अवश्य व्हावे. परंतु खाजणात पडलेली कांदळाची खोडे फोडून त्यांतील द्रव्य पुन्हा जीवसृष्टीच्या उपयोगी आणण्याचे कामही हेच शिंपले करतात, हे विसरून चालणार नाही. कोकणच्या खाड्यांची शास्त्रीय पाहणी करताना त्या खोडांतील शिंपले आणि त्यांच्या कल्ल्यांतील जीवाणू यांची एकत्र नोंद व्हावी, आणि तात्काळ उपयोगाची हमी न मागता सरकारने व विद्यापीठांनी या कामाच्या खर्चास मंजुरी द्यावी. कारण टेरेडोच्या कल्ल्यांत नत्र स्थिर करणारा जीवाणू सापडेल, हे तो शोध लागण्यापूर्वी कोणत्याही अर्जात लिहून देता आले नसते.