फरार कोण, गैरहजर कोण?

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका वाचकाने या आठवड्यात त्याला आलेला मेल मला पाठवला. या मुलाने रीतसर राजीनामा दिला होता. लॅपटॉप आणि ओळखपत्र कुरिअरने परत केले, त्याची पोचपावती त्याच्याकडे आहे. नव्वद दिवसांची नोटीस पूर्ण केली नाही, एवढाच दोष. तरी एचआरने शेरा मारला: ‘अ‍ॅबस्कॉन्डिंग’. नव्वद दिवसांच्या नोटिशीवर मी इथे अनेकदा लिहिले आहे आणि पुन्हा लिहीन. नोकरी बदलू पाहणाऱ्याच्या पायातली ती बेडी आहे. पण हा शेरा त्याहून वाईट.

अटक किंवा खटला चुकवायला गुपचूप पसार होणाऱ्यासाठी इंग्रजीत हा शब्द आहे. आपण त्याला फरार म्हणतो. खऱ्या फरारी माणसाला कायदा कसा वागवतो, ते पाहा. आधी वॉरंट निघते. ते बजावता येऊ नये म्हणून माणूस लपला आहे, असे न्यायालयाला सकारण वाटले तरच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 84 खाली उद्घोषणा निघते. ती त्याच्या गावात जाहीर वाचली जाते, घरावर आणि न्यायालयात डकवली जाते. हजर व्हायला किमान 30 दिवस मिळतात. उद्योगपती विजय मल्ल्या मार्च 2016 मध्ये देशाबाहेर गेले. 2018 च्या कायद्याखाली त्यांना ‘फरारी आर्थिक गुन्हेगार’ ठरवले ते जानेवारी 2019 मध्ये, मुंबईच्या विशेष न्यायालयाने, त्यांच्या वकिलांचे म्हणणे ऐकून घेतल्यावर.

आणि हा मुलगा? त्याचा आधार, पॅन, बँक खाते, घरचा पत्ता सगळे कंपनीकडे आहे. त्याला शोधावे लागले नाही. शेऱ्याचा मेल त्याला थेट पोचला. बाजू मांडायला मात्र एक दिवसही मिळाला नाही. उद्या नवी कंपनी त्याची चौकशी करील, तेव्हा हाच शेरा पुढे येईल.

डी. के. यादव यांचा खटला एचआरवाल्यांनी वाचावा. आठ दिवसांहून अधिक गैरहजर म्हणून कारखान्याने त्यांचे नाव कमी केले. त्यांचे म्हणणे, मी रोज येत होतो, मला फाटकातच अडवले, हजेरीपटावर सही करू दिली नाही. 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निम्म्या मागील वेतनासह कामावर परत घ्यायला लावले. ऐकून न घेता काढणे हा अन्याय, हे त्या निकालाचे सार. तो निकाल कारखान्यातल्या कामगाराचा होता, हे खरे. पण ऐकून घेण्याचा न्याय आयटीतल्या मुलालाही लागू व्हायला हवा.

कंपन्यांनी ‘नोटीस अपूर्ण’ किंवा ‘न कळवता गैरहजर’ असे जे घडले ते लिहावे. आणि मुलांनो, राजीनाम्याची प्रत, पोचपावत्या स्वतःच्या मेलवर जपून ठेवा. असा शेरा आलाच, तर गप्प बसू नका. त्याच दिवशी लेखी हरकत नोंदवा.